दोन पुस्तकांचं एक कार्ड

लग्नाच्या बायोडेटात 'आवड : वाचन' असं लिहिलेलं दिसलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "हो का? कुणाचं वाचता?" हा प्रश्न साधा नाही मंडळी. उत्तर 'मृत्युंजय' आलं की आपण मनात म्हणतो, दहावीनंतर वाचन थांबलेलं दिसतंय. 'फाउंटनहेड' आलं की इंजिनिअरिंगचं हॉस्टेल, बहुतेक सेकंड इयर. 'अल्केमिस्ट' म्हणजे एअरपोर्टवर घेतलेलं. 'पुलं' म्हणजे सेफ, घरी आईबाबांना चालेल. 'कोसला' म्हणजे जरा जपून. समोरचा माणूस अजून चहाचा दुसरा घोट घेत नाही तोवर आपला निकाल लागलेला असतो.

खोटं कशाला बोला, मीही हेच करतो. कुणाच्या घरी गेलो की आधी बुकशेल्फपुढे मान वाकडी करून उभा राहतो. पुस्तकांचे कणे वाचताना आपण त्या माणसाचा सोर्स कोडच वाचतोय असं वाटत असतं. आणि हा निव्वळ टाइमपास असतो तोवर कुणाचं काही बिघडत नाही. फार तर एखादं स्थळ हातचं जातं.

पण हाच खेळ कोर्टातही खेळला गेलाय, आपल्याच मुंबईत. त्यातला सगळ्यात नामांकित खेळाडू (म्हणजे ज्याच्यावर खेळला गेला तो) लोकमान्य टिळक. १९०८ सालच्या राजद्रोहाच्या खटल्याबद्दल शाळेत आपण शिकतो ते फक्त मंडालेच्या सहा वर्षांपुरतं. त्या खटल्यातला एक छोटासा पुरावा मात्र मला फार विलक्षण वाटतो. तो म्हणजे एक कार्ड.

आधी थोडी पार्श्वभूमी. ३० एप्रिल १९०८ ला मुजफ्फरपूरला खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी बॉम्ब टाकला. मारायचं होतं किंग्जफर्ड या मॅजिस्ट्रेटला, मेल्या दोन इंग्रज बायका. यावर 'केसरी'त लेख आले. त्यातल्या 'देशाचे दुर्दैव' (१२ मे) आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' (९ जून) या दोन लेखांवरून खटला उभा राहिला. मधल्या काळात सरकारने घाईघाईने दोन कायदे करून टाकले होते, एक स्फोटक पदार्थांबद्दलचा आणि एक वर्तमानपत्रांबद्दलचा. २४ जूनला संध्याकाळी टिळकांना मुंबईत सरदारगृहात अटक झाली आणि लगोलग पुण्याच्या गायकवाड वाड्याची झडती. त्या झडतीत लिहायच्या टेबलात एक कार्ड सापडलं. टिळकांच्याच अक्षरातलं. त्यावर दोन पुस्तकांची नावं. एक आयस्लर नावाच्या गृहस्थांचं आधुनिक स्फोटकांचं हँडबुक, दुसरं सॅनफर्ड यांचं नायट्रो-एक्स्प्लोझिव्ह्ज.

झालं! बॉम्बवर लेख लिहिणाऱ्या संपादकाच्या टेबलात बॉम्बच्या पुस्तकांची नावं. सरकारी वकिलांना आणखी काय हवं? कार्ड पुरावा म्हणून दाखल झालं.

इथे जरा थांबून बघा. पुस्तकं सापडलेली नाहीत. पुस्तकं मागवल्याची ऑर्डर सापडलेली नाही. वाचल्याचा तर प्रश्नच नाही. सापडली ती फक्त नावं. आजच्या भाषेत सांगायचं तर विशलिस्ट. टिळकांचं म्हणणं साधं होतं. स्फोटकांचा नवा कायदा आलाय, त्यावर लिहायचं आहे, कायद्यात 'स्फोटक' कशाला म्हणायचं याची चर्चा करायची तर शास्त्रीय पुस्तकं बघायला हवीत, म्हणून कॅटलॉगमधून नावं उतरवून ठेवली. गंमत अशी की ही दोन्ही पुस्तकं लंडनच्या एकाच प्रकाशकाची, क्रॉस्बी लॉकवुडची. तांत्रिक पुस्तकं छापणारी कंपनी. खाणीतले इंजिनिअर, केमिस्ट अशा लोकांसाठी उघड विकली जाणारी ही पुस्तकं. एकाच प्रकाशकाची दोन नावं एकाखाली एक, म्हणजे कॅटलॉग समोर ठेवून लिहिल्यासारखंच दिसतं. मला तरी ते स्पष्टीकरण पटतं. शिवाय ज्याला खरोखर बॉम्ब करायचाय तो टेबलात असं कार्ड ठेवेल? टिळक कायदा शिकवणारा माणूस. झडती म्हणजे काय हे त्यांना १८९७ च्या खटल्यापासून चांगलं माहीत होतं.

खटला १३ जुलैला सुरू झाला. न्यायमूर्ती दिनशा दावर. (हेच दावर १८९७ साली वकील म्हणून टिळकांचा जामीन मागायला उभे होते. १९०८ साली टिळकांसाठी जामीन मागितला बॅरिस्टर जिनांनी, आणि दावरांनी तो नाकारला. इतिहासाचं कास्टिंग कधीकधी हिंदी सिनेमापेक्षा भारी असतं.) ज्यूरीत नऊ जण, सात युरोपियन आणि दोन पारशी. लेख मराठीत आणि निकाल देणाऱ्यांची भिस्त भाषांतरावर. टिळक स्वतःच्या बचावासाठी एकवीस तासांहून जास्त बोलले. त्यातला मोठा भाग अमुक मराठी शब्दाचं इंग्रजी असं होत नाही, तसं होतं, हे समजावण्यात गेला. म्हणजे विचार करा, स्वतःच्या लिखाणाचा अर्थ स्वतःलाच परक्या भाषेत, परक्या लोकांना पटवून द्यायचा. आणि दुसऱ्या बाजूला ते कार्ड. त्याला ना भाषांतर लागत, ना संदर्भ. 'एक्स्प्लोझिव्ह्ज' हा शब्द ज्यूरीला बरोब्बर वाचता येत होता.

२२ जुलैला रात्री सात विरुद्ध दोन असा निकाल लागला. सहा वर्षं काळं पाणी आणि हजार रुपये दंड. शिक्षा कार्डामुळे झाली असं मी म्हणत नाही. ती लेखांवर झाली. पण ज्यूरीतल्या सात डोक्यांमध्ये लेखांभोवती जो वास दरवळत होता, त्यातला थोडा त्या कार्डाचाही असणार.

आता कुणी म्हणेल, टिळकांचं ठीक आहे हो, पण पोलिसांचा अंदाज नेहमीच चुकायचा का? नाही ना. आणि इथेच हे प्रकरण गुंतागुंतीचं होतं.

पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, नाशकात बाबाराव सावरकरांना पकडलं. त्यांच्याकडच्या झडतीत फ्रॉस्ट नावाच्या लेखकाचं युरोपातल्या क्रांतिकारकांच्या गुप्त मंडळांवरचं पुस्तक सापडलं. या पुस्तकाची नोंद पुढे १९१८ च्या सिडिशन कमिटीच्या रिपोर्टमध्ये (रौलट कमिटी म्हणतो ती हीच) आली. त्या नोंदीत एक भारी निरीक्षण आहे. ती प्रत खूप हाताळलेली होती, असं रिपोर्ट म्हणतो. पुस्तकाचं नाव तर बघितलंच, वर पानं किती मळलीत तेही बघितलं. मानलं पाहिजे! हे आजच्या कुठल्याही ई-बुक कंपनीच्या तोडीचं ॲनालिटिक्स झालं. वाचक कुठल्या पानावर किती रेंगाळला हे अंगठ्याच्या डागावरून. आणि नाशिकबद्दलचा त्यांचा अंदाज चूकही नव्हता. अभिनव भारत ही खरोखरच गुप्त संघटना होती, बाबारावांच्या घरी बॉम्बच्या कृतीचे टाइप केलेले कागदही सापडले, आणि डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकच्या थिएटरात कलेक्टर जॅक्सनचा खून झाला तो लंडनहून आलेल्या पिस्तुलाने.

पण बाबारावांना जन्मठेप झाली ती कशासाठी? बॉम्बच्या कागदांसाठी नाही, फ्रॉस्टसाठीही नाही. त्यांनी छापलेल्या कवितांसाठी. असो.

त्याच रौलट रिपोर्टमध्ये बंगालच्या क्रांतिकारकांबद्दल लिहिताना पुस्तकांची एक यादीच येते. तरुणांची मनं तयार करायला काय वापरलं जायचं, तर भगवद्गीता, विवेकानंदांचं लिखाण, मॅझिनी आणि गॅरिबाल्डीची चरित्रं. ही यादी खोटी नाही. हे सगळे लोक ही पुस्तकं वाचतच होते. माझ्यासारख्याला खटकतं ते वेगळंच. समजा मी तुम्हाला सांगितलं की पकडलेल्या प्रत्येक चोराच्या घरी मीठ सापडलं, तर तुम्ही मीठवाल्यांवर पाळत ठेवाल का? क्रांतिकारकांच्या घरी गीता सापडते हे खरं, पण गीता सापडणाऱ्या घरांमध्ये क्रांतिकारक किती? हजारात एक तरी? टेस्टिंगमध्ये याला आपण फॉल्स पॉझिटिव्ह म्हणतो आणि टेस्टरला ओरडा खायला लागतो. पण रिपोर्ट लिहिणाऱ्यांच्या पुढ्यात फक्त पकडलेल्यांच्याच फायली होत्या. न पकडलेल्या लाखो आजोबांच्या देवघरातली गीता कुठल्याच फायलीत नव्हती.

बरं, गीता सोडा. ती सगळ्यांकडेच असते. मॅझिनीचं काय? तो तर खास निवडून वाचायचा लेखक. एकोणिसाव्या शतकातला इटलीचा क्रांतिकारक, 'तरुण इटली' ही संस्था काढणारा, आयुष्यातली कित्येक वर्षं परदेशात लपूनछपून काढलेला. विनायक सावरकर १९०६ साली लंडनला गेले आणि तिथे त्यांनी पहिलं मोठं काम केलं ते मॅझिनीचं लिखाण मराठीत आणण्याचं. पुस्तक १९०७ मध्ये पुण्यात छापून आलं. त्याच्या प्रस्तावनेत मॅझिनी म्हणजे इटलीचे समर्थ रामदास आणि गॅरिबाल्डी म्हणजे शिवाजी, अशी मांडणी आहे. मराठी वाचकाला इटली कुठे आहे हे माहीत नसलं तरी काम झालं! पोरांनी ती प्रस्तावना पाठ केली होती असं सांगतात. सरकारने अर्थातच पुस्तकावर बंदी आणली.

म्हणजे १९०९ साली कुणी 'माझा आवडता लेखक मॅझिनी' असं म्हणाला, तर त्याला कुठल्या खान्यात टाकाल? उघड आहे ना?

आता पुढची गोष्ट ऐका. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला लंडनमध्ये हिंदी मंडळींनी दसऱ्याचं जेवण ठेवलं. अध्यक्ष दक्षिण आफ्रिकेहून आलेले एक चाळिशीतले वकील. वक्त्यांमध्ये सावरकर. वकीलसाहेबांचं नाव मोहनदास गांधी. तिथल्या तरुण क्रांतिकारकांशी झालेल्या वादाचं काहूर डोक्यात घेऊन गांधी १३ नोव्हेंबरला 'किल्डोनन कॅसल' बोटीवर चढले आणि नऊ-दहा दिवसांत त्यांनी 'हिंद स्वराज' लिहून काढलं. उजवा हात दुखायला लागला की डाव्या हाताने लिहायचे. हे पुस्तक म्हणजे लंडनमधल्या बॉम्बवाल्या तरुणांना दिलेलं सविस्तर उत्तरच आहे. आणि त्याच्या शेवटी गांधींनी एक परिशिष्ट जोडलंय, वाचकांनी वाचावीत अशा पुस्तकांचं. एकूण वीस. सहा टॉलस्टॉयची, दोन रस्किनची, दोन थोरोची, दादाभाई नौरोजींचं, रमेशचंद्र दत्तांचं, प्लेटो वगैरे. आणि त्या विसात एक मॅझिनीचं, 'माणसाची कर्तव्यं'.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा बघितलं. तोच मॅझिनी! आवडत्या लेखकाच्या कॉलमवर जॉइन मारला तर सावरकर आणि गांधी एकाच रांगेत येतात. गांधी 'हिंद स्वराज'मध्ये इटलीवर एक सबंध प्रकरण खर्च करतात आणि म्हणतात काय, तर मॅझिनी थोर होता, पण गॅरिबाल्डी आणि इटलीच्या राजाने जे शस्त्रांनी मिळवलं ते मॅझिनीला हवं असलेलं स्वातंत्र्य नव्हतंच. मॅझिनीला प्रत्येक माणूस स्वतःवर राज्य करायला शिकायला हवा होता. सावरकरांनी ज्या मॅझिनीत गुप्त संघटनेचा गुरू बघितला, त्याच मॅझिनीत गांधींना कर्तव्य शिकवणारा संत दिसला. दोघांनीही मनापासून वाचला होता. दोघांपैकी कुणीही लेखकाचं नाव मिरवायला म्हणून घेतलेलं नव्हतं. मॅझिनीत दोन्ही गोष्टी होत्या, आणि ज्याने त्याने आपल्याला हवी ती उचलली.

आणि सरकारने काय केलं? मार्च १९१० मध्ये मुंबई सरकारने 'हिंद स्वराज'वरही बंदी घातली. शस्त्र उचलू नका असं सांगणारं पुस्तक, आणि शस्त्र उचला असं सांगणारं पुस्तक, दोन्ही एकाच यादीत. गांधींनी उत्तर म्हणून त्याचा इंग्रजी अनुवाद छापला, वाचा म्हणाले.

हे सगळं इंग्रजांचं झालं, आपलं काय, असं वाटत असेल तर एकशे अकरा वर्षं पुढे या. तेच मुंबई हायकोर्ट, २८ ऑगस्ट २०१९. एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी व्हर्नन गोन्साल्विस यांच्या जामिनाची सुनावणी. घरातून जप्त केलेल्या पुस्तकांची यादी वाचली जात होती. त्यात 'वॉर अँड पीस'ने सुरू होणारं एक नाव आलं. दुसऱ्या देशातल्या युद्धाबद्दलचं असलं पुस्तक घरात का ठेवलं होतं, असा प्रश्न न्यायमूर्तींनी विचारल्याच्या बातम्या आल्या. झालं, तासाभरात सगळा देश टॉलस्टॉयचा वाचक झाला! जज्जांना टॉलस्टॉय माहीत नाही म्हणून जोक्सचा पाऊस. दुसऱ्या दिवशी खुलासा झाला. पुस्तक टॉलस्टॉयचं नव्हतंच. विश्वजीत रॉय यांनी संपादित केलेलं, पश्चिम बंगालमधल्या जंगलमहाल भागातल्या माओवादी संघर्षावरचं ते पुस्तक होतं, 'वॉर अँड पीस इन जंगलमहाल'. न्यायमूर्ती म्हणाले की टॉलस्टॉयची कादंबरी अभिजात आहे हे मला माहीत आहे.

या प्रसंगात मला गंमत वाटते ती दोन्ही बाजूंची. नावावरून आरोपीला जोखणं चूक म्हणणारे लोक स्वतः त्याच अर्ध्या नावावरून न्यायमूर्तींना जोखत होते. आणि खुलासा झाल्यावर बऱ्याच जणांचा सूर असा, की 'अच्छा, टॉलस्टॉय नव्हता होय, मग ठीक आहे.' ठीक कसं? जंगलमहालवरच्या पुस्तकावरही बंदी नव्हती. टॉलस्टॉय घरात असला तर माणूस सुसंस्कृत आणि जंगलमहाल असला तर संशयित, ही तर पुन्हा तीच बायोडेटावाली पद्धत. बाय द वे, गांधींच्या विसातली सहा पुस्तकं ज्या टॉलस्टॉयची होती, त्याच्या धर्मावरच्या आणि सरकारविरोधी लिखाणावर त्याच्या स्वतःच्या देशात झारच्या सेन्सॉरची कात्री कायम चालायची. तोही एके काळी धोकादायकच होता.

ऑक्टोबर २०१९ मध्ये हायकोर्टाने जामीन नाकारला. २८ जुलै २०२३ ला सुप्रीम कोर्टाने गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांना जामीन दिला. त्या आदेशात एक मुद्दा स्वच्छ मांडलाय. हिंसेला प्रेरणा देणारा किंवा तिचा प्रचार करणारा मजकूर असला, तरी असं साहित्य नुसतं जवळ बाळगणं हा दहशतवादी कृत्यांसंबंधीच्या त्या प्रकरणांखालचा गुन्हा होत नाही. हा आदेश जामिनापुरता आहे, आरोप खरे की खोटे याबद्दलचा नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. पण तो यायला अटकेनंतर जवळजवळ पाच वर्षं लागली. आपलं बुकशेल्फवरून जोखणं अर्ध्या मिनिटात संपतं. तुरुंगातल्या माणसासाठी त्याच अर्ध्या मिनिटाची पाच वर्षं होतात.

माझ्या शेल्फवर या क्षणी काय काय आहे ते मी आत्ताच बघितलं. हॅकिंगवरची दोन पुस्तकं (कामाची), हिटलरचं आत्मचरित्र (फुटपाथवर शंभर रुपयाला मिळालेलं, पन्नास पानांपुढे गेलेलो नाही), नक्षलवादावरचं एक, गीता दोन प्रती (एक लग्नातला आहेर). यावरून माझी फाइल करायला बसलं कुणी, तर काय होईल सांगा बघू! :-)

गीतेवरून टिळक पुन्हा आठवले. मंडालेला त्यांना पुस्तकं मिळायची, पण मध्येच हुकूम आला की एका वेळी चारच जवळ ठेवायची. तक्रार केल्यावर तो मागे घेतला गेला. सुटताना साडेतीनशे-चारशे पुस्तकं जमली होती. कागद मिळायचे ते सुटे नाहीत, पानं मोजून आकडे घालून बांधलेल्या वह्या. शाई नाही, फक्त शिसपेन्सिली, त्याही बाहेरून टोकं काढून आलेल्या. त्या पेन्सिलींनी १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी 'गीतारहस्य' लिहिलं. गीता संन्यास सांगत नाही, कर्म करायला सांगते, हा त्यातला मुख्य मुद्दा. गांधींना तीच गीता अहिंसेकडे नेणारी वाटली, आणि त्यांचा 'अनासक्तियोग' बाहेर आला तो १२ मार्च १९३०, नेमका दांडीला निघायच्या दिवशी. खुदीराम गीता हातात घेऊन फाशी गेला म्हणतात. गांधींना गोळ्या घालणारा नथुराम १५ नोव्हेंबर १९४९ ला अंबाल्याच्या तुरुंगात फासावर चढला तेव्हा त्याच्याही हातात गीता होती. टिळक आणि गांधी तर १९२० च्या जानेवारीत 'यंग इंडिया'त जाहीरपणे भिडले होते. राजकारण हा साधूंचा प्रांत नाही असं टिळकांनी कृष्णाच्या आधाराने लिहिलं, आणि गांधींनी तितक्याच आदराने ते अमान्य केलं.

१९१४ च्या जूनमध्ये टिळक सुटले तेव्हा 'गीतारहस्या'च्या वह्या सरकारने ठेवून घेतल्या. आत काय आहे ते तपासायचं होतं. वह्या लवकर परत येईनात म्हणून मित्रमंडळी काळजीत. टिळक म्हणायचे की वह्या त्यांच्याकडे असल्या तरी पुस्तक माझ्या डोक्यात आहे, सिंहगडावर जाऊन बसेन आणि पुन्हा लिहीन. ती वेळ आली नाही. वह्या जशाच्या तशा परत आल्या, आक्षेपार्ह काही आढळलं नसावं. १९१५ च्या जूनमध्ये पुस्तक छापून बाजारात आलं. आणि त्यानंतर तीन वर्षांनी त्याच सरकारच्या कमिटीने क्रांतिकारकांच्या पुस्तकांची यादी केली, तेव्हा त्यात पहिलं नाव लिहिलं भगवद्गीतेचं.